हिंवाळ्यांतील प्रवास आणि घरचें मांजर

तुळशीचें लग्न लागलें कीं बारामती-इंदापुराकडे प्रवासाचे दिवस सुरू होतात. पावसाळी शेतकामांची धांदल ओसरलेली असते, रस्ते कोरडे झालेले असतात आणि लग्नाच्या तिथी लागोपाठ येऊं लागतात. मार्गशीर्षांत चंपाषष्ठीस जेजुरी, दत्तजयंतीस नरसोबाची वाडी, संक्रांतीस माहेर, अशीं निमित्तें एकामागून एक उभीं राहतात. कऱ्हेकांठच्या बारामतीस लागूनच असलेलें आणि आतां तिच्याच नगरपालिकेच्या हद्दींत आलेलें जळोची हें गांव याला अपवाद नाहीं. पुण्यास नोकरीवर असलेल्या मुलाकडे चार दिवस जाऊन राहणें, हेंही अलीकडे नेहमींचें निमित्त झालें आहे.

घर बंद करावयाचें ठरलें म्हणजे गृहिणी एकेक गोष्ट मार्गीं लावते. गाय-म्हैस असेल तर धारा काढण्यास शेजारचा माणूस ठरतो. कोंबड्या खुराड्यासकट दुसऱ्याच्या अंगणांत जातात. तुळशीला पाणी घालण्याचें काम समोरच्या घरच्या मुलीकडे सोंपविलें जातें. विरजणाची वाटीसुद्धां कोणाच्या तरी हवालीं होते. राहतां राहिलें तें मांजर. त्याच्याविषयीं कोणी विचारलेंच, तर "त्याला काय, तें आपलें पोट भरील," असें उत्तर मिळतें, आणि फार तर वाटीभर दूध व अर्धी भाकरी पडवींत ठेवून दाराला कुलूप लागतें. या उत्तरांत निष्ठुरपणा नसतो. केवळ समजूत चुकलेली असते. ती कोठें चुकते हें एकदां ध्यानांत आलें, म्हणजे मांजराची सोय लावणें अवघड नाहीं, असें दिसून येईल.

कुत्रें माणसाचें आणि मांजर घराचें, असें लोक म्हणतात. या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. धनी जवळ असला कीं कुत्र्यास परमुलुखही आपला वाटतो; मांजरास मात्र ओळखीचा उंबरा, ओळखीचा कोनाडा आणि ओळखीचा वास यांवांचून चैन पडत नाहीं. नव्या जागीं नेलेलें मांजर दोन दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाहीं, आणि दार उघडें सांपडल्यास जुन्या घराचा शोध काढीत निघतें. यास्तव चार-सहा दिवसांच्या प्रवासांत मांजरास बरोबर नेण्यापेक्षां तें घरींच राहूं द्यावें, हा लोकांचा अनुभव बरोबर आहे. चूक होते ती पुढें. घर म्हणजे भिंती आणि छप्पर असें समजून माणसें निघून जातात. आणि मांजराच्या लेखीं घर म्हणजे जें कांहीं असतें, त्यांतील निम्में त्यांच्याबरोबर निघून जातें.

हें निम्में कशांत असे, तें जुन्या घरांत सहज दिसत होतें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर चुलींतील निखारे राखेखालीं झांकून ठेवीत, आणि पहांटेपर्यंत ती राख कोमट राही. घरचें मांजर त्या राखेजवळ, कित्येकदां राखेंतच, अंगाचें वेटोळें करून झोंपे. सकाळीं चूल सारवावयास आलेल्या बाईस त्याच्या पाठीवरची राख पाहूनच त्यानें रात्र कोठें काढली हें कळे. मातीच्या जाड भिंती आणि माळवद यांनीं दिवसभर घेतलेलें ऊन रात्रीं हळूहळू घरांत उतरे. गोठ्यांतील जनावरांच्या अंगची ऊब असे, मुलांच्या गोधडीचा पायथा असे. आतां बहुतेक घरीं चुलीच्या जागीं गॅसची शेगडी आली आहे. ती विझली कीं लागलीच थंड होते. पातळ भिंती आणि पत्र्याचें छप्पर सूर्य मावळतांच निवूं लागतें. तेव्हां आजच्या घरांत मांजरास रात्रीं जी ऊब मिळते, ती मुख्यतः माणसांच्या अंथरुणांत. माणसें गेलीं कीं ती ऊबही गेली.

मांजरास उबेची एवढी ओढ कां, याचें उत्तर त्याच्या कुळांत आहे. जगांतील सर्व पाळीव मांजरें पश्चिम आशियांतील रानटी मांजराच्या वंशांतलीं आहेत, हें २००७ सालीं त्यांच्या आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनें सिद्ध झालें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचें एक दफन सांपडलें आहे. त्यांत मनुष्याशेजारींच मांजर पुरलेलें आहे. मनुष्य धान्य सांठवूं लागला, धान्यामागें उंदीर आले आणि उंदरांमागें मांजर आलें, असा हा जुना ऋणानुबंध आहे. परंतु रुक्ष, उष्ण प्रदेशांतील त्या पूर्वजाचा शरीरधर्म मांजरानें सोडलेला नाहीं. त्याच्या अंगची उष्णता ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, आणि ती राखण्यासाठीं शरीरास कांहींच जादा खटपट पडूं नये, अशी हवा त्याच्या बाबतींत सुमारें ३० ते ३८ अंशांची असावी लागते. मनुष्यास जी हवा सुखाची वाटते, ती मांजरास थोडी थंडच असते. तें उन्हाच्या कवडशाबरोबर जागा बदलीत जातें, तें आळसानें नव्हे.

जळोचीचा हिंवाळा तसा सौम्य. दुपारीं पारा २८-३० अंशांपर्यंत चढतो. परंतु हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. पावसाळा सरल्यावर आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असते. ढगांचें पांघरूण नसल्यामुळें जमिनीनें दिवसां घेतलेली उष्णता रात्रीं आकाशांत निघून जाते, आणि डिसेंबर-जानेवारींत पहांटे पारा १० अंशांच्या आसपास, कधीं त्याच्याही खालीं उतरतो. कालव्याच्या पाण्यानें भिजलेल्या उंसाच्या शिवाराशेजारीं तर गारठा अधिकच बोंचतो. अशा थंडीनें निरोगी, धडधाकट मांजर दगावत नाहीं, हें खरें. पण अंग ऊबदार ठेवण्यासाठीं त्यास अधिक अन्न जाळावें लागतें. आणि पिल्लें, म्हातारीं व रोडावलेलीं मांजरें यांना तर ही थंडी बाधतेच. शिवाय ऊब न मिळाल्यास मांजर ती शोधावयास निघतें. नुकत्याच येऊन उभ्या राहिलेल्या मोटारीच्या यंत्राजवळ शिरून बसणें, हा त्याचा हिंवाळ्यांतील ठरलेला उद्योग आहे, आणि गाडी सुरू होतांच तो त्याच्या जिवावर बेततो.

म्हणून पहिली सोय झोंपण्याच्या जागेची. त्यासाठीं मोठा खर्च नको. मांजर वेटोळें करून बसलें असतां जेमतेम मावेल, एवढेंच लांकडी अथवा जाड पुठ्ठ्याचें खोकें घ्यावें. खोकें मोठें असल्यास आंतील हवा मांजराच्या अंगच्या उष्णतेनें तापत नाहीं; लहान खोक्यांत मांजर आपली शेगडी आपणच होतें. वरून झांकण असावें आणि एका बाजूस मांजर शिरेल एवढेंच भोंक ठेवावें. खोकें थेट फरशीवर न ठेवतां पाटावर किंवा दोन विटांवर ठेवावें, कारण रात्रीं फरशी अंगांतली ऊब ओढून घेते. आंत गोणपाट, त्यावर जुनी गोधडी, आणि सर्वांत वर घरांतील माणसाचें रोजच्या वापरांतलें, न धुतलेलें लुगडें किंवा सदरा घालावा. न धुतलेला कपडा सांगण्याचें कारण असें, कीं मांजर डोळ्यांपेक्षांही नाकानें घर ओळखतें. ओळखीचा वास असला म्हणजे तें त्या जागेस लवकर धरतें. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून ज्या खोलीस दक्षिणेची किंवा पूर्वेची खिडकी आहे ती खोली मांजरासाठीं मोकळी ठेवावी आणि तेथील पडदा बाजूस सारून ठेवावा. दिवसां उन्हाचा कवडसा व रात्रीं खोकें, एवढ्यावर जळोचीची थंडी सुखानें निघते. मात्र ही व्यवस्था निघण्याच्या दिवशीं न करतां आठवडाभर आधीं करावी, म्हणजे माणसें घरांत असतांनाच मांजर त्या खोक्यांत झोंपूं लागतें.

दया म्हणून केलेल्या कांहीं गोष्टी मात्र घात करतात. बंद खोलींत कोळशाची शेगडी धुमसत ठेवूं नये. तिच्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू वासावांचून जीव घेतो. विजेची शेगडी माणूस घरांत नसतांना चालू ठेवणें म्हणजे आगीस आमंत्रण होय. लोंकरीचे कपडे ट्रंकेंतून काढतांना त्यांबरोबर येणाऱ्या डांबरगोळ्या मांजराच्या अंथरुणांत मुळींच राहूं देऊं नयेत; त्या मांजरास विषारी आहेत.

आतां अन्नाकडे वळावें. दूध-भाकरी हें मांजराचें अन्न, ही समजूत फार जुनी आहे. आणि पूर्वीं ती खपून जाई, कारण खरें जेवण मांजर स्वतः कणगीमागें मिळवीत असे. दूध-भाकरी हा त्याचा तोंडीलावण्याचा भाग होता. मांजर हें शुद्ध मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्यास अन्नांतून मिळावेंच लागतें, आणि तें मांसमच्छींत असतें, ज्वारी-बाजरींत नसतें. हें द्रव्य न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजून तें आंधळें होतें, असें १९७५ सालीं अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें. त्याच उणिवेनें हृदयही दुबळें होतें, हें १९८७ सालीं निश्चित झालें. दुधाचें म्हणाल तर मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांस त्यांतील साखर पचत नाहीं, आणि त्यांना ढाळ लागतात. बंद घरांत, जेथें उंदीरही नाहीं आणि साफसफाई करणारेंही कोणी नाहीं, तेथें दुधाची वाटी हें अन्न नव्हे, उपद्रव होय.

यासाठीं घर बंद असतांना मांजराचें तयार कोरडें खाद्य सर्वांत सोयीचें. तें नासत नाहीं. सुमारें चार किलो वजनाच्या मांजरास दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम पुरतें. नेमकें प्रमाण पुडक्यावर दिलेलें असतें, आणि थंडीचे दिवस म्हणून त्यांत थोडी भर घालण्यास हरकत नाहीं. मांजर स्वभावतः थोडें थोडें, अनेकदां खातें. कारण उंदीर हाच त्याचा घांस, आणि तो एका वेळीं एकच सांपडतो. मासळी, शिजविलेलें चिकन किंवा डब्यांतील ओलें अन्न द्यावयाचें तर तें येणाऱ्या माणसानें समोर वाढावें आणि उरलेलें उचलून न्यावें. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात देऊं नये. कांद्यानें मांजराचें रक्त बिघडतें. मुंग्यांचा उपद्रव असल्यास खाद्याची वाटी पाणी घातलेल्या ताटलींत ठेवावी. आणि महत्त्वाचें म्हणजे, निघण्याच्या तोंडावर खाद्य बदलूं नये. माणसें गेलेलीं, त्यांत अन्नही अनोळखी, अशा स्थितींत पुष्कळ मांजरें वाटीकडे पाहून परत फिरतात.

येथेंच या विषयांतील सर्वांत गंभीर गोष्ट येते. मांजर उपाशी राहूं शकत नाहीं. कुत्र्यानें दोन-तीन दिवस अन्न टाकलें तरी त्याचें शरीर सांठविलेल्या चरबीवर बरेचसें निभावून नेतें. मांजराचें तसें नाहीं. त्यानें खाणें सोडलें कीं अंगची चरबी यकृताकडे धांव घेते. यकृतास ती पेलत नाहीं. तें चरबीनें भरून काम करीनासें होतें. लठ्ठ मांजरांत हा प्रकार विशेष आढळतो, आणि अवघ्या दोन-तीन दिवसांच्या उपवासानेंही तो सुरू होऊं शकतो. मग डोळे, कान व हिरड्या पिवळ्या दिसूं लागतात, आणि वेळेवर उपचार न झाल्यास मांजर दगावतें. विलक्षण गोष्ट ही, कीं असें मांजर भरलेल्या वाटीशेजारीं मरतें. अन्न नव्हतें म्हणून नव्हे, तर तें खाल्लें जात नाहीं हें पाहण्यास कोणी नव्हतें म्हणून. ठराविक वेळीं खाद्य सोडणारीं यंत्रें हल्लीं मिळतात. तीं वाटी भरतात, परंतु मांजरानें खाल्लें कीं नाहीं, याची त्यांना दखल नसते. चार दिवसांचें अन्न एकदम ठेवून निश्चिंत होणें चूक कां, तें यावरून समजेल.

पाण्याच्या बाबतींतही हेंच. रुक्ष प्रदेशांतून आलेलें हें जनावर मुळांत पाणी कमी पितें, आणि थंडींत तर त्याहूनही कमी. रानांत त्यास बहुतेक पाणी भक्ष्याच्या मांसांतून मिळतें. कोरड्या खाद्यांत तें मिळत नाहीं. अन्नांतील पाणी धरून मांजरास दर किलो वजनामागें दिवसाला सुमारें ५० मिलिलिटर पाणी पोटांत जावें लागतें. तें त्यानें आपण होऊन प्यावें, यासाठीं दोन-तीन निरनिराळ्या जागीं पसरट भांड्यांत पाणी ठेवावें; खाण्याच्या वाटीला चिकटून ठेवूं नये, आणि तें रोज बदलावें. पाणी कमी पडल्यास लघवी दाट होते, आणि बोक्यांमध्यें मूत्रमार्ग अरुंद असल्यानें ती तुंबण्याचा धोका असतो. बोका वारंवार वाळूच्या भांड्याकडे जात आहे, कुंथत आहे, ओरडत आहे आणि वाळू मात्र कोरडी आहे, असें दिसलें तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. एक-दोन दिवसांतच प्राण जाण्याजोगी ती स्थिति असते.

या वाळूच्या भांड्याची व्यवस्था सोपी आहे. जुन्या पसरट घमेल्यांत चार बोटें कोरडी वाळू किंवा बाजारांत मिळणारी मांजराची माती घालावी. बाहेर जाण्याची संवय असलेल्या मांजरास ती निघण्यापूर्वीं पंधरा दिवस लावून द्यावी. भांडें अन्नापासून दूर, आडोशास असावें आणि रोज साफ व्हावें. मांजर टापटिपीचें जनावर आहे. घाण झालेलें भांडें तें वापरीत नाहीं, आणि मग घरांत घाण झाल्याचा राग त्याच्यावरच निघतो.

अंथरूण, अन्न, पाणी आणि वाळू या चारही गोष्टी अखेर एकाच गोष्टीपाशीं येऊन थांबतात, आणि ती म्हणजे रोज येणारा माणूस. दिवसांतून दोनदां येणें उत्तम. निदान एकदां तरी आलेंच पाहिजे. गांवांत ही सोय करणें शहरापेक्षां सोपें आहे. शेजार जिवंत असतो, आणि तुळशीला पाणी घालावयास मुलगी येणारच असते. तिच्याकडे मांजराचेंही काम सोंपवावें. परंतु रीतसर सोंपवावें. निघण्यापूर्वीं चार-पांच दिवस तिनें घरांतील माणसांच्या देखत मांजरास खाऊं घालावें, म्हणजे तिचा आवाज व वास त्यास ओळखीचा होतो. एरव्हीं परकें पाऊल वाजतांच मांजर माळ्यावर चढतें आणि येणाऱ्यास आठ दिवस दिसतच नाहीं. आल्यावर चार गोष्टी पाहावयाच्या, हें तिला पढवून ठेवावें: वाटींतील अन्न कमी झालें आहे काय, पाणी उतरलें आहे काय, वाळू ओली झाली आहे काय, आणि मांजर प्रत्यक्ष दृष्टीस पडलें काय. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाटी रिकामी झाली ती दुसऱ्याच बोक्यानें केली असेल. मांजर डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय खात्री धरूं नये. पाहून झाल्यावर पांच-दहा मिनिटें तेथें नुसतें बसावें, हांक मारावी, जवळ आल्यास कुरवाळावें. मांजर एकलकोंडें दिसतें, पण माणसांचा वावर संपला हें त्यास चांगलें कळतें.

या बरोबर एक चिठ्ठी भिंतीस लावून ठेवावी. तींत खाद्याचें प्रमाण, घरच्या माणसांचा फोन, आणि बारामतींतील पशुवैद्याचा अथवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन लिहावा. एक संबंध दिवस मांजरानें अन्नास तोंड लावलें नाहीं तर घरच्यांस कळवावें, आणि दुसऱ्या दिवशींही तेंच असेल तर दवाखाना गांठावा, असा नियम स्पष्ट लिहावा. चिठ्ठींत आणखी एक ओळ ठळक असावी: माणसाचें कोणतेंही औषध देऊं नये. मांजर मलूल दिसलें, अंग गरम लागलें, कीं एखादा कनवाळू शेजारी तापाची अर्धी गोळी पाण्यांत कालवून पाजतो. मनुष्याच्या घरोघरीं असलेली पॅरासिटामॉलची ही गोळी मांजरास विष आहे. ती निरुपद्रवी करणारी योजना त्याच्या यकृतांत जवळ जवळ नाहींच. गोळीच्या परिणामानें रक्तास प्राणवायु वाहून नेतां येत नाहीं, आणि मांजर तडफडून मरतें. कुत्र्याच्या अंगावरील गोचिडांचीं कांहीं औषधेंही मांजरावर अशींच उलटतात.

आतां प्रश्न उरतो तो मांजर आंत ठेवावें कीं बाहेर मोकळें सोडावें, हा. एरव्हीं गांवचें मांजर आंत-बाहेर करणारेंच असतें. परंतु बारामती-इंदापूर भागांतील हिंवाळा म्हणजे ऊंसतोडीचा हंगाम. माळेगांव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील साखर कारखान्यांचीं गाळपें चालू असतात. उंसानें भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. फड तुटला कीं त्यांतील उंदीर वस्तीकडे सरकतात, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठीं शेतांत, गोदामांत झिंक फॉस्फाइडसारखें विष घातलें जातें. तें खाल्लेला उंदीर खाऊन मांजरासही विषबाधा होऊं शकते. कुत्रीं आहेत, भांडखोर बोके आहेत. माणसें घरांत असतांना जखमी मांजर घरीं येऊन पडतें आणि कोणी तरी पाहतें. घर बंद असतां तें उंबऱ्यापाशींच पडून राहतें. यास्तव चार-सहा दिवसांकरितां मांजर आंत ठेवणें अधिक सुरक्षित. त्याची संवय व्हावी म्हणून आधींचे पंधरा दिवस रात्रीं तरी त्यास घरांत ठेवीत जावें. जें मांजर कोंडल्यास सैरभैर होतें, त्यास निदान पडवींत, आडोशाला तें उबेचें खोकें ठेवून द्यावें आणि खाणें रोज ठराविक वेळीं मिळेल असें करावें. मांजर वेळ विसरत नाहीं.

कुलूप लावण्यापूर्वीं घरांतून एक फेरी मारावी. कपाटें, कोठी, ट्रंका, माळा यांत मांजर नकळत कोंडलें गेलें नाहीं ना, हें पाहावें. बांधाबांधीच्या गडबडींत उघड्या कपाटांत शिरून झोंपणें ही त्याची खोड आहे. पाण्याची टांकी व हौद झांकावे. सुई-दोरा आवरून ठेवावा. आणि संक्रांतीचे दिवस असल्यास पतंगाचा मांजा मुळींच मागें ठेवूं नये. मांजर दोऱ्याशीं खेळतें, खेळतां खेळतां गिळतें, आणि तो दोरा आंतड्यास कापीत जातो.

हे सर्व उपाय आठवडाभराच्या प्रवासाचे झाले. त्याहून अधिक दिवस बाहेर राहावयाचें असल्यास घरांत कोणी तरी येऊन झोंपेल अशी व्यवस्था करावी. नात्यांतील एखादें माणूस राहावयास आलें तर मांजराची निम्मी अडचण सरली. तें नसेल तर ओळखीच्या घरीं पोंचवावें. परंतु तेथें तें एका खोलींतच ठेवावें आणि अंगण दाखवूं नये. नेतांना झांकणाची करंडी वापरावी, आंत त्याचेंच अंथरूण घालावें, आणि वरून कापड टाकून अंधार करावा. रेबीजची व इतर लस आधींच टोंचलेली असावी. नसबंदी केलेलें मांजर घर सोडून भटकत नाहीं, हा त्या शस्त्रक्रियेचा प्रवासी कुटुंबास आणखी एक उपयोग.

मांजर मारणें हें मोठें पाप, आणि त्याच्या प्रायश्चित्तास काशीस जाऊन सोन्याचें मांजर दान करावें लागतें, अशी समजूत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून अजूनही ऐकूं येते. मारण्याचें पाप लोकांनीं इतकें मोठें मानलें. विसरून जाण्याचें मात्र कोणी मोजलें नाहीं. कायद्यानें तें मोजलें आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा १९६० सालीं झाला, त्याच्या ११व्या कलमान्वयें पाळलेल्या प्राण्यास पुरेसें अन्न, पाणी वा निवारा न देणें, तसेंच तो उपासमारीनें अथवा तहानेनें तळमळेल अशा स्थितींत त्यास सोडून जाणें, हा अपराध आहे. परंतु जेथें शेजार आहे, तेथें ही गोष्ट कायद्यापर्यंत जाण्याचें कारण नाहीं.

प्रवासाहून परत आल्यावर मांजर कधीं कधीं पाठ फिरवून बसतें. हांकेस ओ देत नाहीं. तो रुसवा समजून त्याच्या मागें लागूं नये. नेहमींच्या वेळीं, नेहमींच्या वाटींत, नेहमींचें खाणें द्यावें. तें नीट जेवतें, पाणी पितें आणि वाळूकडे जातें, एवढें दोन दिवस पाहावें. रात्रीं अंथरुणें पडलीं कीं तें आपण होऊन पायथ्याशीं येतें. आणि शेजारच्या घराला पंढरपूरची वाट धरण्याची वेळ येईल, तेव्हां त्यांची किल्ली आपल्या खुंटीवर येते. विरजणाची वाटी जशी या घरांतून त्या घरांत जाते आणि परत येते, तशीच ही मांजराची काळजी आहे. ती फिरत राहिली, तर कोणत्याच घरचें मांजर भरलेल्या वाटीशेजारीं उपाशी राहणार नाहीं.